सूर्याकडे पाठ करून

ऑफिसातल्या काकांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसायला मला अठ्ठावीस दिवस लागले. तोवर मी मागे बसायची, तीही तिरकी, म्हणजे आरशातून त्यांना माझं तोंड दिसेल अशी. एकोणतिसाव्या दिवशी सकाळी त्यांनी पुढचं दार आतून उघडलं आणि म्हणाले, "बस." मला वाटलं, मागची सीट खराब झाली असेल.

खुलासा रफीकभाईंनी केला. रफीकभाई मूळचे दापोलीचे, आमच्याच ऑफिसात रिपोर्ट छापून बांधायचं काम करायचे आणि मस्कतच्या माबेला भागातून, जिथं आम्ही सगळे राहायचो, आमच्याच गाडीतून यायचे. "अगो, ते काँक्रीटवाले ना," ते म्हणाले. "ठोकळा अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवल्याशिवाय फोडत नाहीत. माणसाला पण तसंच. तू पास झालीस."

आमची कंपनी बांधकामाचं सामान तपासून द्यायची. शहरातल्या अल् खुवैरला पुढे ऑफिस, मागे लॅब. नवीन इमारतीचं काँक्रीट ओतलं की त्यातलं थोडं साच्यात भरून ठोकळे करतात. त्यांना क्यूब म्हणतात. ते पाण्याच्या हौदात ठेवायचे आणि अठ्ठाविसाव्या दिवशी मशीनमध्ये दाबून फोडायचे. किती जोर लागला त्यावरून इमारत उभी राहील की नाही ते कळतं. काका सव्वीस वर्षं हेच करत होते. मी त्यांचे आकडे टाइप करायची. रिपोर्टवर सही इंजिनियरची असायची. कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'तपासणारा' असा रकाना होता, त्यात काकांची दोन आद्याक्षरं. पूर्ण नाव लिहायला तिथे जागाच नव्हती.

अविश्वास हा त्यांच्या धंद्याचा भाग होता हे मान्य. एकदा एका सुपरवायझरनं कच्च्या कामाचे क्यूब बाजूला ठेवून दुसरीकडचे चांगले क्यूब आणून दिले होते. काकांनी ते हातात घेतले, उलटे केले आणि परत दिले. साइटवर साचे भरताना प्रत्येक क्यूबच्या तळाला ते खिळ्यानं बारीक खूण करून यायचे, हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार! पण धंद्यातला संशय माणसानं धंद्यात ठेवावा. काकांनी तो घरी नेला, गाडीत बसवला, जेवायच्या डब्यात भरला. आपल्यासमोर केलेला नसेल तर ते चहा पीत नसत. अर्बाबनं, म्हणजे मालकानं, रमजानात सगळ्यांना खजूर वाटले की ते एकेक खजूर फोडून उजेडाकडे धरायचे. मराठी मंडळाच्या सोडतीत त्यांना मिक्सर लागला तर तो घ्यायला गेलेच नाहीत. "फुकट देतायत म्हणजे कायतरी बिघडलेला असणार," असं म्हणाले. तो मिक्सर मग मला मिळाला. अजून चालतो.

एखादा काँट्रॅक्टर फोनवर "बुक्रा, इन्शाल्ला" म्हणाला, म्हणजे उद्या, देवाची इच्छा असेल तर, की सगळे फोन ठेवून द्यायचे. काका ठेवत नसत. "इन्शाल्ला ठीक है," ते शांतपणे म्हणायचे, "लेकिन टाइम बोलो."

मला त्यांचा राग यायचा हे खरं सांगते. रोज सकाळी साडेसहाला, डोळ्यांवर झोप असताना, "काल गाडीत पाण्याची बाटली होती ती कुठं गेली?" हे ऐकून कुणाला प्रेम वाटेल? पण माझा नवरा आठवडाभर लांब सोहारला साइटवर असायचा. माझ्याकडे लायसन्स नव्हतं, आणि काका कधी एक मिनिट उशिरा आले नाहीत. एकदा मला ताप असताना दुपारी लॅब सोडून मला घरी आणून सोडलं आणि औषधाच्या गोळीची तारीख दोनदा तपासून मग गोळी हातावर ठेवली. अशा माणसावर धड रागावताही येत नाही.

ज्या माणसाचा सगळ्यांवर संशय, त्याच्यावर सगळ्यांचा संशय असायला एक कारण होतं. हिवाळा लागला की दर शुक्रवारी पहाटे काका कॅमेरा घेऊन एकटे गाडी काढायचे आणि कुरियातच्या पलीकडे, डोंगरांत धरणाचं मोठं तळं आहे, तिथं जायचे. सूर्योदयाचे फोटो काढायला. असं ते सांगायचे. सहा हिवाळे हे चाललं होतं आणि त्यांनी काढलेला एकही फोटो कुणी पाहिला नव्हता.

"दारू," रफीकभाई म्हणाले. "दोन थर्मास नेतात. एकट्या माणसाला दोन थर्मास कशाला लागतात?"

"दुसरं लग्न," माझा नवरा म्हणाला. काकांची बायको गुहागरजवळच्या गावी असायची. रोज रात्री आठला ते तिला फोन करायचे आणि दार बंद आहे का ते विचारायचे. मला दोन्ही पटत नव्हतं. पण सूर्योदय तरी कुठं पटत होता? सूर्य माबेलाच्या गच्चीवरूनही दिसतो.

एका गुरुवारी गाडीत मी चेष्टेनं म्हटलं, "काका, तुमचं तळं आहे तरी का हो खरंच?"

त्यांनी आरशात पाहिलं. मागे रफीकभाई डुलकी घेत होते. "उद्या चारला खाली उभी राहा," ते म्हणाले. "नवऱ्याला पण घे. फोन बंद ठेवायचा. आणि रफीकला सांगू नको."

आम्ही गेलो. नवरा मागे बसला. त्याचे अठ्ठावीस दिवस अजून व्हायचे होते. रस्त्यात काकांनी मागून येणाऱ्या गाडीला एकदा मुद्दाम पुढे जाऊ दिलं. डोंगर लागले तशी थंडी वाढली. ओमानमध्ये अंगावर शाल घ्यावी लागेल हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पोचलो तेव्हा अंधार पातळ होत होता आणि खाली काहीतरी मोठं, सपाट, गप्प पसरलेलं होतं. ते पाणी आहे हे कळायला मला वेळ लागला.

टॉर्च घेऊन एक पहारेकरी आला. काकांना पाहून त्यानं सलाम केला, मग त्यांच्या पिशवीकडे बोट दाखवून विचारलं, "सूरा? सूरा?"

 शाळेत सुरापान म्हणजे काय ते आम्ही पाठ केलं होतं. पिशवीत दोन थर्मास होते. रफीकभाईंचं खरं ठरलं, आणि आता आपण तिघंही आत जाणार, परक्या मुलखात, शुक्रवारी! मी नवऱ्याचा हात घट्ट धरला आणि हिंदीत म्हणून गेले, "हमको कुछ मालूम नहीं. हम तो सूर्य देखने आये."

काका माझ्याकडे वळले. "काय झालं गो?"

"ते सुरा विचारतायत," मी कुजबुजले.

"सूरा म्हणजे फोटो," काका म्हणाले. "अरबीत. तुला काय वाटलं?" मग त्यांना काय ते कळलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं, तेही आवाज न करता, खांदे हलवून. त्यांनी दुसरा थर्मास काढला आणि पहारेकऱ्याला त्यातला काळा चहा ओतून दिला. तो थर्मास दर शुक्रवारी त्याच्यासाठीच असायचा. "चहा पिताना माणूस एका जागी उभा राहतो," काका मला म्हणाले. "मग त्याच्याकडे बघत बसावं लागत नाही."

उजेड वाढायला लागला. पूर्वेकडच्या डोंगरामागे आकाश पिवळं झालं. पलीकडे एक-दोन कुटुंबं आली होती, ती सगळी तिकडे मोबाइल धरून उभी. नवराही तिकडे वळला. काकांनी तिपाई उभी केली आणि सूर्याकडे पाठ केली.

"काका, सूर्य इकडून येतोय," मी म्हटलं.

"सूर्याचे फोटो काय, लोकांकडे भरपूर आहेत. तो कुठं पोचतोय ते बघ."

पश्चिमेचा डोंगर अजून काळाच होता. मग त्याच्या अगदी टोकाला तांबडी रेघ आली. ती हळूहळू खाली उतरायला लागली, कुणी वरून पडदा सोडावा तशी. खाली पाण्यात तोच डोंगर उलटा दिसत होता आणि त्याच्यात तीच रेघ वर चढत होती. पाण्यावर नुसती वाफ होती. काका कॅमेऱ्याला हात न लावता बघत राहिले. दोन्ही रेघा एकमेकींच्या अगदी जवळ आल्या आणि तेवढ्यात कुठूनतरी वाऱ्याची झुळूक आली. पाण्यातला डोंगर मोडून गेला.

"खलास," काका म्हणाले आणि तिपाई मिटली. एकही फोटो न काढता.

"काढायचा होता की तेवढ्यात!"

"अर्धा कशाला?" ते म्हणाले. "सहा वर्षं वारा आधी येतो. एक दिवस उशीर करेल." मला तेव्हा कळलं, फोटो कुणी पाहिले नव्हते कारण दाखवण्यासारखा एकही त्यांनी काढलाच नव्हता. त्यांचा स्वतःवरसुद्धा विश्वास नव्हता, तर आमच्यावर कुठून असणार!

त्याच हिवाळ्यात, जानेवारी संपता संपता, वाऱ्यानं उशीर केला.

सोमवारी काकांनी मला लॅबमध्ये बोलावलं, दार लावलं आणि कंप्युटरवर तो फोटो दाखवला. मला फोटोतलं काही कळत नाही. पण मी खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसले एवढं आठवतं. काळ्या डोंगराच्या मधोमध ती तांबडी रेघ, खाली पाण्यात दुसरी, मध्ये बोटभर अंधार आणि वाफ. फोटोत सूर्य नव्हता, पण तो आलाय हे डोंगराला कळलेलं दिसत होतं.

मस्कतमध्ये एक छायाचित्र स्पर्धा होती. निवडलेले फोटो आठवडाभर प्रदर्शनात लागणार होते. काकांना बक्षीस नको होतं, ते त्यांनी मला चारदा सांगितलं. "खाली नाव लावतात," ते म्हणाले. "पूर्ण नाव. इंग्रजीत आणि अरबीत. मोठ्या अक्षरांत." एवढंच म्हणाले, आणि हौदातल्या क्यूबकडे बघत बसले. सव्वीस वर्षं दोन आद्याक्षरांवर काढलेल्या माणसाला काय हवं होतं ते मला त्या दिवशी समजलं, आणि फार वाईटही वाटलं.

फॉर्म मी भरायचा होता, कारण इंग्रजी माझं बरं होतं. रफीकभाईंनी मोठी प्रत छापून द्यायची होती. नियम एकच कडक होता. फोटो आधी कुठंही प्रसिद्ध झालेला नसावा. काकांनी मला पेन ड्राइव्ह दिला आणि म्हणाले, "कुणाला दाखवायचा नाही. कुणाला म्हणजे कुणाला."

"नाही हो काका," मी म्हटलं. आणि त्याच संध्याकाळी तो फोटो आईला पाठवला.

आता सांगते तेव्हा मला स्वतःचा संताप येतो. पण त्या वेळी मनात जरासुद्धा आलं नाही. आई म्हणजे काय 'कुणी' असते का? ती मिरजेला एकटी, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि फोनवर दर वेळी एकच, "तुमच्याकडे नुसती वाळू ना गं?" मला तिला दाखवायचं होतं. फोटोखाली मी लिहिलं, 'हे बघ आमचं ओमान. आमच्या ऑफिसातल्या काकांनी काढलाय.' पुढे पाठवू नकोस हे लिहायचं राहिलं. आईनं तो मावशीला पाठवला, मावशीनं तिच्या भजनी मंडळाला, आणि तिथून तो जगाच्या पाठीवर निघाला.

फॉर्म आणि फोटो स्पर्धेला गेले, आणि दोन आठवड्यांनी सकाळी मस्कतच्या मराठी ग्रुपवर तो परत आला. दोन्ही बाजूंना लालभडक गुलाब चिकटवलेले, डोंगराच्या डोक्यावर 'शुभ सकाळ', आणि पाण्यात, त्या बोटभर अंधारावर, पिवळ्या अक्षरांत 'मन निर्मळ तर दिवस मंगल'. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मी खाली गेले तेव्हा काका गाडीत बसलेले होते आणि फोन त्यांच्या हातात होता.

त्यानंतर स्पर्धेवाल्यांचा मेल आला. अगदी सभ्य भाषेत. हा फोटो इंटरनेटवर फिरत असल्याचं दिसतं, तरी तो तुमचाच असल्याची खात्री करण्यासाठी कॅमेऱ्यातली मूळ फाइल पाठवावी. ती पाठवली असती तर निदान चोरीचा आळ गेला असता. पण काका म्हणाले, "मूळ मागतात? आता मला पण लक्षात आलं, यांचा डाव काय आहे तो." मी हात जोडले, समजावलं, भांडले. त्यांनी पाठवली नाही. तारीख उलटली. सगळ्या जगाला चोर समजणारा माणूस त्या लोकांच्या वहीत चोर म्हणून राहिला, आणि हे माझ्यामुळे झालं होतं.

मग गाडीत रोज तपास सुरू झाला. आज नेटवर्कवाला, उद्या कंप्युटर दुरुस्त करणारा, परवा बायकोचा भाऊ. प्रत्येकावरचा संशय ते पद्धतशीर मांडायचे आणि मी खिडकीतून खजुरीची झाडं मोजायची. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खरं आहे. "तुला काय वाटतं?" असं त्यांनी विचारलं की मी झाडं पुन्हा पहिल्यापासून मोजायला घ्यायची. माझं नाव त्यांच्या यादीत एकदाही आलं नाही, आणि तेच सहन होत नव्हतं.

एका सकाळी मागची सीट रिकामी होती. "रफीक येणार नाही," काका म्हणाले. "त्याच्याकडे प्रत होती. त्यानंच केलंय."

वीस वर्षांची मैत्री होती ती. एकाच्या घरी मासे आले की दुसऱ्याच्या घरी वाटा जायचा. ऑफिसात रफीकभाई माझ्यासमोरून मान खाली घालून गेले. मी दोन दिवस गप्प बसले. लाज वाटते सांगायला, पण बसले. तिसऱ्या दिवशी, वाटेतलं सीब मागे पडल्यावर, मी म्हटलं, "काका, गाडी थांबवा. रफीकभाईंनी काही केलेलं नाही. मी केलं."

त्यांनी पेट्रोल पंपाच्या कडेला गाडी घेतली. इंजिन बंद केलं.

"माहीत आहे," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"तुझ्या प्रतीत डाव्या कोपऱ्यातला एक दगड मी पुसलेला होता. रफीकच्या प्रतीत तो दगड आहे. त्या गुलाबवाल्यात नाही. पहिल्याच दिवशी बघितलं."

"मग रफीकभाई..."

"त्याला सांगितलेलं आहे. चार दिवस बसनं जा म्हटलं. तो शिव्या घालतोय मला." काका समोर बघत होते. "तू बोलतेस का ते बघायचं होतं."

मी रडायला लागले. रागानं की शरमेनं ते मला आजही सांगता येणार नाही. माझी अशी परीक्षा घेतली म्हणून त्यांचा राग आला होता आणि मी तीत जेमतेम पास झाले म्हणून स्वतःचा. त्यांनी मला रडू दिलं. मग विचारलं, "कुणाला पाठवला होतास?"

"आईला."

"आईला," ते म्हणाले.  "काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाली, बघूनच थंडी वाजली. शाल घेतली."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलं. डोळे बारीक केले, खजूर उजेडात धरताना करायचे तसे. "खरं सांगतेस, की मला बरं वाटावं म्हणून?"

"काका!"

"लाव फोन. स्पीकरवर लाव."

मिरजेला साडेआठ झाले होते. आईनं पहिल्याच रिंगला उचलला. मी काही बोलायच्या आत काका पुढे वाकले. "नमस्कार. मी तुमच्या मुलीच्या ऑफिसातला. तो तळ्याचा फोटो तुम्हाला आला होता..."

"अगं बाई, तुम्हीच का ते काका?" आई म्हणाली. "काय फोटो काढलात हो! बघताना मला कापरं भरलं, मी शाल ओढून घेतली. आणि मेलं कुणी तरी त्याला गुलाब चिकटवलेत. मला परत आला तो. मी त्या बाईला कळवलं, गुलाब आमचे नाहीत म्हणून."

काकांचा हात स्टिअरिंगवर होता. "पण तो मीच काढला," ते म्हणाले, "हे तुम्ही कशावरून म्हणता?"

"म्हणजे?"

"कुठून तरी उचललेला असेल. तुम्हाला काय माहीत?"

"कशाला उचलाल तुम्ही?" आईला प्रश्नच कळला नव्हता. "मुलगी म्हणाली काकांनी काढला. म्हणजे काढला. त्यात काय विचारायचं?"

 शेजारून एक पाण्याचा टँकर गेला. मला वाटलं फोन कट झाला असं आईला वाटेल, म्हणून मी तोंड उघडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "बरं झालं फोन केलात. इथं सगळ्या बायका विचारतात, कुणी काढलाय म्हणून. मी आपली सांगते, मुलीच्या ऑफिसातल्या काकांनी. ते काही बरं दिसत नाही. तुमचं नाव काय? पूर्ण नाव सांगा. थांबा हं, पेन घेते."

पलीकडे ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, वर्तमानपत्र चाळल्याचा आला. काका ताठ बसले. मग त्यांनी नाव सांगितलं, आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव, एकेक सुटं करून, फॉर्म भरताना सांगावं तसं. आई लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणत होती. आडनावापाशी ती थांबली.

"यात ल का ळ?"

"ळ," काका म्हणाले.  "तळ्यातला ळ."